उपाशीपोटी ११८

९ मार्च

ढमे,

या नावानं हाक मारायचा हक्क अजून माझ्याकडे आहे की तोही काढून घेतलास, ते कळव. आशीर्वाद लिहीत नाही. माझे आशीर्वाद तू पोस्टमनच्याच हातात परत देशील.

फोन लावला की तू दुसऱ्या कॉलवर आहेस असं एक बाई गोड आवाजात सांगते. सतरा दिवस सलग बोलणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा तू मला ब्लॉक केलंयस हे माझ्यासारख्या पुठ्ठे चिकटवणाऱ्यालाही कळतं. आईच्या दवाखान्याच्या पोर्टलचा पासवर्डही बदललास. म्हणून कागद.

आईला नेलंस याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एक पाय गुडघ्याखाली नसलेल्या बाईला मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात कसा चढवणार होतो? पण नेताना वॉर्डात, ड्रेसिंग करणाऱ्या मुलीसमोर तू म्हणालीस, "याच्या भरवशावर ठेवलं आणि..." वाक्य अर्धंच सोडलंस. गेले सतरा दिवस मी ते पुरं करतोय. दर वेळी शेवट निराळा होतो, चांगला एकदाही होत नाही.

आता माझं ऐक. पोर्टलवर आईचं खातं तू उघडलंस, मी नाही. गेल्या जूनमध्ये चार दिवस आलीस, माझाच फोन हातात घेऊन मला शिकवलंस. "दादा, सोप्पं आहे. सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी बोटाला टोचायचं, मशीनवर आलेला आकडा इथं भरायचा. खाली 'पाय तपासले' असा चौकोन आहे, रोज पाय बघून त्यात खूण करायची. डॉक्टर बघतील, सिस्टर बघतील, मी बघेन." सगळे बघणार होते. टोचणारा एकटा मी.

आकडा दोनशेच्या वर गेला की लाल व्हायचा. लाल झाला की तुझ्या फोनवर घंटा, आणि तुझ्याकडे घंटा वाजली की बाइंडिंगच्या दुकानात माझ्याकडे फोन. हात खळीनं बरबटलेले, कटिंग मशीनखाली पानांचा गठ्ठा दाबून धरलेला, आणि तू विचारणार, "काल काय खाल्लं तिनं? तू लक्ष देतोस ना, दादा?" फोन वाजला की मालक म्हणायचे, "घ्या, गणिताच्या बाई आल्या." तुला शाळेत चाळीस मुलं कमी पडत होती का?

दवाखान्यात तू साखर मोजायचं मशीन डॉक्टरांच्या हातात दिलंस. त्यांनी ते कॉम्प्युटरला जोडलं. पोर्टलवर पाच महिन्यांत तीनशे चार आकडे, आणि मशीनच्या पोटात अकरा. तू माझ्याकडे वळून बघितलंस. मी म्हणालो, मशीन बिघडलं असेल. आजही तेच म्हणतो.

पाय मी रोज बघत होतो. शिवणाच्या सुईचं तुटलेलं टोक तळव्यात गेलेलं, वर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. आईला स्वतःला चार दिवस कळलं नाही, कारण तिच्या तळव्यांना काही लागतच नाही. डॉक्टरांनाही एक्स-रे काढल्यावर दिसलं. मला उघड्या डोळ्यांनी काय दिसणार होतं?

आई कशी आहे, एवढं लिही. एक ओळ पुरे.

दादा


२८ मार्च

ढमे,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, म्हणजे वाचलंस.

मशीन बिघडलं नव्हतं.

हे वाक्य लिहायला मला एकोणीस दिवस लागले. आता लिहिलंच आहे तर पुढचंही वाच.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी आकडा आला २१४. दुकानात त्या दिवशी विद्यापीठाच्या ऐंशी प्रबंधांची बांधणी होती, संध्याकाळपर्यंत द्यायची. माझ्या डोळ्यांसमोर अख्खी सकाळ उभी राहिली. तुझा फोन, तुझे प्रश्न, आई आतून ओरडणार, "तिला सांग, मी काही खाल्लेलं नाही." मी १७४ लिहिलं. खोटं बोलतोय असं वाटलंही नाही. वाटलं, चार तास उसने घेतोय. फोन आला नाही. ऐंशीच्या ऐंशी प्रती वेळेत गेल्या.

मग आईची बोटं. तुला ती बोटं माहीत आहेत का? तीस वर्षं तिनं मुलींना शिवण शिकवलं, निवृत्त झाल्यावरही शेजारच्या टेलरची काजं करून द्यायची. टोचून टोचून टोकं निबर झाली होती. एकदा धागा ओवताना हात झटकून म्हणाली, "रेशीम आणि सुतळी एकच लागतंय मला. आज नको टोचूस."

"मग लिहू काय?"

"लिही एकशे बत्तीस. पोरीला बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आज काय लिहायचं?" तर म्हणते, "काल बत्तीस होते ना? आज अठ्ठावीस लिही. सुधारणा दिसू दे जरा." आणि आम्ही दोघं हसलो. तुला हे वाचून संताप येईल, येऊ दे. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

तीन महिन्यांची सरासरी काढणारी रक्ततपासणी असते ना, तिची आठवण पोर्टलवर दोनदा आली. दोन्ही वेळा मी 'बाहेर करून घेतली' या ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टरांना सगळं हिरवं दिसलं, त्यांनी इन्सुलिन होतं तेवढंच ठेवलं. वाढवायला हवं होतं. साखर चढलेली नसती तर जखम अशी चिघळली नसती, असं त्यांनी नंतर मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

एवढं माझं. पाय मात्र मी रोज बघत होतो. ते माझ्या माथी मारू नकोस.

दादा


१९ एप्रिल

मेहुण्यांचा मेसेज मिळाला. 'सध्या पत्रं नकोत, तिला त्रास होतो.' त्यांना सांग, पत्र लिहिणाऱ्यालाही फार मजा येत नाही.

खरं लिहिलं तर तुला त्रास होतो, खोटं लिहिलं तेव्हा तू खूश होतीस. आठवतंय? सप्टेंबरमध्ये अंगठा पाठवलास. ऑक्टोबरमध्ये फुलांचं चित्र, खाली 'दादा, यू आर ग्रेट'. हिरवे आकडे आले तसे तुझे फोन थांबले. पाच महिन्यांत तीन फोन. तिसऱ्या फोनवर आई तुला म्हणाली, "अगं, मला हल्ली फार तहान लागते." तू म्हणालीस, "पण तुझे रीडिंग मस्त आहेत." मी शेजारीच उभा होतो, स्पीकर चालू होता. मी तोंड उघडलं नाही. तूही पुढे विचारलं नाहीस. तू आईला विचारतच नव्हतीस, आकड्याला विचारत होतीस.

तू गणित शिकवतेस. सत्तरी ओलांडलेल्या बाईची साखर पाच महिने दहाच्या आत खाली-वर होते, हे तुला खटकलं नाही? की खटकून घ्यायचं नव्हतं?

हे लिहून मला हलकं वाटेल अशी समजूत होती. वाटत नाही.

दादा


७ जून

ढमे,

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. ती सांगितली की माझ्या हातून जाणार आहे, म्हणून सांगायची वेळ आल्यावरही नऊ दिवस गप्प बसलो.

पासवर्ड बदललास, पण खात्याला जोडलेला फोन नंबर बदलायचा तू विसरलीस. तो अजून माझाच आहे. तुझ्या शहरात तुम्ही त्याच दवाखान्याच्या शाखेत जाता, म्हणून रोज सकाळी पावणेआठच्या सुमारास मला मेसेज येतो. 'आजची नोंद मिळाली. उपाशीपोटी: अमुक.' बस, एवढंच. मी दुकानाचं शटर अर्धं वर करून, तसाच वाकून तो वाचतो. तीन महिने आईची एवढीच खबर मला आहे. आकडा आला म्हणजे ती उठली, कुणीतरी तिचा हात हातात घेतला.

मार्च-एप्रिलमध्ये आकडे आले १८७, १४३, २३१, ९६, १६४. वेडेवाकडे. मला आनंद झाला, आणि रागही आला. म्हटलं, ढमी टोचतेय. मला जमलं नाही ते तिला जमतंय.

अकरा मेपासून काय आलं, ते तुला पाठ असेल. ११८. १२१. ११९. १२२. ११८. १२०. ११८.

आईची साखर अशी चालत नाही, ढमे. कुणाचीच चालत नाही. रात्री नीट झोप झाली नाही तर चढते, जेवण कमी झालं तर उतरते, सर्दी झाली तरी वीस-तीसची उडी. खोटा आकडा लिहिणाऱ्याला एवढी उडी घेववत नाही. तो आदल्या दिवसाचा आकडा बघतो आणि त्याच्याच आसपास घुटमळतो. मी तीनशेच्या जवळपास खोटे आकडे लिहिलेत. दुसऱ्याचे ओळखायला मला मशीन लागत नाही.

काय झालं असेल, तेही सांगू? तुझी शाळेची गडबड. आईनं हात मागे घेतला. म्हणाली असेल, "पोरी, आजच्या दिवस राहू दे. लिही काहीतरी बरं." तू म्हणाली असशील, फक्त आजच्या दिवस. मेहुण्यांना सांगितलं नसशील. मला तर नाहीच. ज्या भावाला चारचौघांत तसं बोललीस, त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं सांगणार?

मी तुला हिणवत नाहीये. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस हिणवलं. दुकानात एकटाच हसलो, मोठ्यानं. मालकांनी विचारलं, काय झालं? मग रात्रभर तिचा राहिलेला पाय डोळ्यांपुढे येत राहिला. डावा. एकच आहे आता.

वीस तारखेपर्यंत तिची ती तीन महिन्यांची रक्ततपासणी करून घे. नाही केलीस तर मी दवाखान्यात जाऊन सांगेन. धमकी समज, हवं तर.

दादा


२२ जून

ढमे,

वीस तारीख गेली. एकवीस तारखेच्या सकाळी मेसेज आला, ११९. मी दुकानात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि इथल्या शाखेत गेलो.

मधुमेहाच्या सिस्टर त्याच आहेत, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या. खातं उघडून म्हणाल्या, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"मुलगा."

"खात्यावर तुमचं नाव दिसत नाही."

"नाव काढलंय. नंबर राहिलाय."

त्यांनी चष्मा खाली घेतला. मी सगळं सांगितलं. आधी माझं, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतचं. मग म्हणालो, मेपासूनचे आकडेही खरे नाहीत. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही नऊ तासांच्या अंतरावरून कसं सांगता?" मी फोनमधले मेसेज एकाखाली एक दाखवले. त्या बराच वेळ बघत होत्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "आम्ही लाल तेवढे बघतो हो. हिरवे कोण बघत बसणार?"

त्यांनी तुझ्या शाखेला माझ्यासमोर फोन केला. आईला तीन दिवसांत बोलावतील, रक्त बाहेरून नाही, तिथंच काढतील. तुझ्यावर कसला ठपका ठेवणार नाहीत, एवढं मी विचारून घेतलं.

निघताना सिस्टरनी विचारलं, "आणि पायांच्या खुणा? त्याही अशाच?"

"नाही," मी म्हणालो. "त्या खऱ्या. पाय मी रोज बघायचो."

तू माझं तोंड बघणार नाहीस आता, ते धरूनच गेलो होतो.

दादा


३० जुलै

ढमे,

काल तुझा फोन आला. पाच महिन्यांनी. मी मध्येच ठेवला. लाइन तुटली नव्हती, मी ठेवला. त्याचं कारण खाली आहे, पण आधी झालेलं सगळं ओळीनं लिहितो, म्हणजे माझी हिंमत टिकेल.

चोवीस जूनला सकाळी मेसेज आला नाही. पंचवीसलाही नाही. तू नंबर बदललास हे कळलं. त्यानंतरही आठवडाभर मी पावणेआठला शटर अर्धं वर करून उभा राहत होतो. मालक म्हणाले, "आत या किंवा बाहेर जा, कंबर धरेल."

मग पाच जुलैला दुकानाच्या फोनवर आई. मेहुण्यांच्या फोनवरून केला होता, तुला न सांगता. मला वाटलं, कशी आहेस विचारावं. तिनं विचारूच दिलं नाही.

"चुगली केलीस बहिणीची."

"आई, तुझा पाय..."

"माझा पाय माझा आहे. पोर दोन दिवस जेवली नाही. तिथं सगळ्यांसमोर मान खाली घालून बसली होती. मी तिला म्हणाले होते लिही, तिचा काय दोष?"

"मलाही तूच म्हणाली होतीस."

ती म्हणाली, "तू मोठा होतास. तू नाही म्हणायला हवं होतंस." आणि फोन ठेवला. पंचवीस दिवस झाले, पुन्हा केलेला नाही. दुकानातली दोन माणसं माझ्याकडे बघत होती. मी पुठ्ठा कापायला घेतला आणि दोन सूत तिरका कापला. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं.

बाकीचं तू काल सांगितलंस. सरासरी फार वाढलेली होती. इन्सुलिन जवळजवळ दुप्पट केलं. आणि डाव्या टाचेला फोड, फुटायच्या बेतात आलेला. तिथल्या डॉक्टरांनी मोजा काढायला लावला तेव्हा दिसला. आता भरत आलाय. पाय राहणार. हे सांगताना तुझा आवाज असा होता, जसं काही मी तुझं काहीतरी हिसकावून घेतलंय आणि तुला त्याबद्दल माझे आभार मानावे लागतायत. मानू नकोस.

मग तू विचारलंस, "दादा, एक सांग. ती पाय बघूच देत नाही. पांघरुणाखाली ओढून घेते, मी हट्ट केला की रडते. तुला कसा बघू द्यायची रोज? काय म्हणायचास तिला?"

तेव्हा मी फोन ठेवला.

मी बघत नव्हतो, ढमे.

तू जूनमध्ये परत गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसलो आणि उजवा पाय हातात घेतला. टाच भेगाळलेली, नखं वाढलेली, तिला वाकून कापता येत नव्हती. ती ओशाळली. "ऊठ रे, हे काय," म्हणाली आणि पाय मागे घेतला. मीही ओशाळलो. सुटलो असं वाटलं, खोटं कशाला सांगू? उठलो, हात धुतले आणि चौकोनात खूण केली. त्यानंतर रोज खूण केली. आकडे लिहिताना निदान ती सोबत होती, आम्ही मिळून ठरवायचो, हसायचो. या खुणेबद्दल तिला माहीतही नव्हतं. ती माझी एकट्याची. सुई गेली त्या दिवशीही मी खूण केली, आणि पुढचे चार दिवस, ती लंगडत नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून.

तुला लिहिलेल्या दोन पत्रांत मी ठासून सांगितलं की रोज बघत होतो. सिस्टरना तोंडावर सांगितलं. एखादी गोष्ट तीनदा सांगितली की स्वतःलाच खरी वाटायला लागते. काल तू इतक्या सरळ विचारलंस, शिकवणाऱ्याला विचारावं तसं, आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. तिला काय म्हणायचं, कसं मनवायचं, मला माहीत नाही. माहीत असतं तर तिला दोन पाय असते.

आज दुपारी पुन्हा शाखेत गेलो. सिस्टरना म्हणालो, त्या खुणाही खोट्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग त्या काढाव्या लागतील. पुढचे डॉक्टर त्यावरून काहीतरी ठरवतील." एकदम काढता येत नाहीत, एकेक दिवस उघडून बदलावा लागतो. दोनशे बावीस दिवस. त्या बदलत होत्या आणि मी समोरच्या स्टुलावर बसून तारखा सांगत होतो. मधे दोन पेशंट येऊन गेले. संपलं तेव्हा बाहेरचा बाक रिकामा झाला होता.

तुला ते पोर्टलवर आधी दिसेल की हे पत्र आधी मिळेल, मला माहीत नाही. पत्र आधी मिळावं असं वाटतं. दिसेल ते असं आहे: वीस जूनपासून सत्तावीस जानेवारीपर्यंत, रोजच्या तारखेपुढे एकच ओळ. पाय तपासले नाहीत.

दादा